टियागो ईव्ही की कॉमेट? मुंबईत रोज वापरायला कुठली घ्यावी

मुलुंडचा_मन्या
नमस्कार मंडळी. आमची सीएनजी वॅगनआर आता थकलीये आणि पंपावरची रांग बघून सकाळी सकाळी डोकं उठतं, म्हणून पुढची गाडी इलेक्ट्रिकच घ्यायची असं घरात ठरलंय (ठरलंय म्हणजे मी आणि मुलीने ठरवलंय, बायको अजून तळ्यात मळ्यात). बजेट बेताचंच. त्यात डोळ्यासमोर दोनच गाड्या आहेत, टाटाची टियागो ईव्ही आणि एमजीची कॉमेट.

रोजचं जाणं मुलुंड पश्चिम ते अंधेरीचं सीप्झ, जाऊन येऊन तीसेक किमी, मेट्रोच्या कामाच्या कृपेने सगळं रांगतच. सुट्टीच्या दिवशी ठाणे, दादर, कधी डोंबिवलीला मामाकडे. वर्षातून दोन-तीनदा पुणे. घरात चार माणसं, त्यात आईच्या गुडघ्यांचं दुखणं.

मन माझं कॉमेटकडे झुकतंय. लांबी तीन मीटरच्या आत, टर्निंग रेडियस ४.२ मीटर, आमच्या गल्लीत तर एका झटक्यात वळेल. पार्किंगचाही प्रश्न नाही. वापरणाऱ्यांनी खरं खरं सांगा प्लीज, शोरूमवाल्यांचं ऐकून झालंय.

गोरेगावकरीण
कॉमेट आहे माझ्याकडे, २०२३ ची. नवरा, मी आणि आमचा कुत्रा. शहरात हिच्यासारखी गाडी नाही हे आधीच सांगते, एसव्ही रोडवर संध्याकाळी सात वाजता जिने गाडी चालवलीये तिलाच कळेल. पार्ल्यात दोन एसयूव्हींच्या मधे उरलेल्या फटीत मी गाडी लावते आणि लोक थांबून बघतात.

१७.३ किलोवॅट-अवरची (म्हणजे तेवढ्या युनिट विजेची) बॅटरी, कंपनी २३० किमी म्हणते, मला एसी लावून १७०-१८० च्या आसपास मिळतात, पावसाळ्यात थोडे जास्त कारण एसी कमी लागतो. रोज ३० किमी म्हणजे आठवड्यातून दोनदा लावलीत तरी पुरे.

पण तुमच्या घरी आई आहेत ना? दारं दोनच आहेत हो. मागे बसायचं तर पुढची डावी सीट सरकवायची, वाकायचं, पाय आत घालायचा, मग अंग. एकदा बसल्यावर जागा बरी आहे, उंची भरपूर आहे, पण ते चढणं-उतरणं माझ्या सासूबाईंना एकदाच जमलं, नंतर त्या "मी रिक्षाने येते" म्हणाल्या. त्या पुढे बसल्या तर ठीक. मग तुमची बायको मागे. आता ती तळ्यात की मळ्यात ते तुम्हीच बघा :)

आणि डिकी नाही. म्हणजे आहे, पण चार माणसं बसली की भाजीची पिशवी मांडीवर. मागच्या सीट अर्ध्या-अर्ध्या दुमडतात, दोघंच असाल तर काही अडत नाही.

कटिंगचहा
डोंबिवलीला मामाकडे जाताना मामांनी दिलेला फणस कुठे ठेवणार हा खरा प्रश्न आहे.

कांदिवलीचा_टियागोवाला
टियागो ईव्ही वापरतोय, मोठ्या बॅटरीची. टियागोत दोन बॅटऱ्या येतात, १९.२ आणि २४ किलोवॅट-अवरच्या. लाँचच्या वेळी कागदावर २५० आणि ३१५ किमी होतं. २४ ला प्रत्यक्षात मला १९० ते २१० मिळतात, हायवेला ९० च्या वर धरली की त्याहून कमी. १९.२ घेऊ नका, फक्त रेंजसाठी नाही म्हणत, मोटर पण कमी ताकदीची आहे, ६१ पीएस विरुद्ध ७५. चार माणसं बसवून फ्लायओव्हर चढताना फरक कळतो.

पाच दारं, २४० लिटरची डिकी, साधी नेहमीची गाडी आहे ही, आत बसल्यावर काही शिकावं लागत नाही. आई मागे सहज बसतील. आतलं प्लास्टिक मात्र साधंच, कॉमेटच्या दोन मोठ्या स्क्रीन बघून आलात तर टियागो जरा जुनाट वाटेल. आणि मला कॉमेट चालवून असंही वाटलं की बारा इंची चाकं आपल्या खड्ड्यांसाठी बनलेली नाहीत. पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर मणके मोजता येतात.

पुणे म्हणालात तिथे विषयच संपतो. कॉमेटला डीसी फास्ट चार्जिंग (हायवेवरच्या झटपट चार्जरवर भरायची सोय) नाही. टियागोला आहे, सीसीएस२ सॉकेटचं.

गोरेगावकरीण
मणके वगैरे अतिशयोक्ती आहे, पण बरं. डीसीचा मुद्दा मान्य. माझी गाडी वसईच्या पलीकडे गेलेली नाही आणि मला तिला न्यायचंही नाही. पुण्याला आम्ही ट्रेनने जातो.

पिटातला_पांडुरंग
धागाकर्ते, "पार्किंगचा प्रश्न नाही" हे वाक्य वाचून थांबलो. पार्किंग कसलं आहे तुमचं? ओपन, बिल्डिंगखालचं स्टिल्ट, की यंत्राने एकावर एक गाड्या लावायचं स्टॅक? मुलुंडला नवीन टॉवर असेल तर स्टॅक असायची शक्यता दाट.

स्टॅक असेल तर ब्रोशरमधली लांबी विसरा, उंची बघा. कॉमेट लांबीला २९७४ मिमी असली तरी उंचीला १६४० आहे. टियागो ईव्ही लांबीला ३७६९ पण उंची १५३६. बऱ्याच स्टॅकच्या पॅलेटवर (गाडी ठेवायच्या लोखंडी पाटावर) १५५० मिमीची मर्यादा लिहिलेली असते कारण बिल्डरने सेडानच्या हिशोबाने मशीन बसवलेलं असतं. म्हणजे जी गाडी सगळ्यांना छोटी वाटते तीच आत जात नाही आणि मोठी जाते. आमच्या सोसायटीत एकाने उंच गाडी घेतली आणि आता तो पार्किंगला महिन्याचं भाडं भरून बाहेर लावतो, स्वतःचा स्लॉट असताना.

टेप घेऊन खाली जा. बोर्डावर लिहिलेलं बघाच, पण प्रत्यक्षही मोजा, वरच्या पॅलेटच्या खालून हायड्रॉलिकचा पाइप किंवा चेन जात असते, ती जागा खाते.

मुलुंडचा_मन्या
पांडुरंगराव, पाय कुठेत तुमचे! स्टॅकच आहे. दोन मजली, वरची पॅलेट आमची. आत्ता जाऊन बघून आलो. बोर्डावर कमाल उंची १५५० लिहिलंय. खालीही तेवढीच, मोजली. वॉचमन विचारत होता काय घेताय, म्हटलं मोठी गाडी परवडत नाही म्हणून छोटी घेतोय तर तीही मावत नाही.

म्हणजे कॉमेट बाद? बायको हसतेय.

वायरमन_काका
थांबा, उंचीने टियागो पास झाली म्हणून पेढे वाटू नका. वरची पॅलेट आहे तर चार्ज कुठे करणार? गाडी वर असताना केबल लावलेली ठेवायची नसते, खालच्या माणसाने किंवा वॉचमनने बटण दाबलं आणि पॅलेट हलली की केबल, चार्जिंगची गन, गाडीचं सॉकेट, सगळ्याचा निकाल. काही सोसायट्यांनी पॅलेटवर लवचिक केबल ट्रे टाकून पॉइंट दिलेत पण ते मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या लेखी परवानगीनेच करायचं काम आहे, आपला गल्लीतला इलेक्ट्रिशियन बोलावून नाही.

तुमच्यासमोर तीन वाटा दिसतात मला. खालचे शेजारी अदलाबदल करतात का बघा, गाडी फारशी न काढणारं कोणी ज्येष्ठ असेल तर बहुतेक तयार होतात, त्यांनाही वरची पॅलेट मिळाली तर धूळ कमी. नाहीतर व्हिजिटर पार्किंगमध्ये सोसायटीने कॉमन पॉइंट काढावा, सबमीटर लावून, ज्याने वापरलं त्याने भरावं. किंवा ऑफिसात चार्जर आहे का ते आधी विचारा. तिसरं जमलं तर पहिल्या दोन भानगडीच नकोत.

लोड किती असतो यावर कमिटीत फार गोंधळ असतो म्हणून सांगतो. १५ अँपिअरच्या प्लगवर गाडी साधारण ३ किलोवॅट घेते, म्हणजे घरातला एक मोठा गीझर. फरक एवढाच की गीझर पंधरा मिनिटं चालतो आणि गाडी सात-आठ तास, त्यामुळे वायर, सॉकेट चांगल्या प्रतीचं पाहिजे, लोड वाढला किंवा वीज गळली तर लाइन बंद करणारे स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी पाहिजेत. अर्थिंग नीट नसेल तर गाडी चार्जच घेत नाही, चार्जरवर लाल दिवा लागतो आणि लोक गाडी बिघडली म्हणून बोंब मारतात. जुन्या बिल्डिंगमध्ये हे हमखास.

७.२ किलोवॅटचा चार्जर तुमच्या वापराला लागत नाही. टियागो २४ साध्या प्लगवर पावणेनऊ तासात भरते, रात्री लावली की सकाळी तयार. मोठा चार्जर मागितला की सँक्शन्ड लोड (मंजूर वीजभार) वाढवा, केबल बदला, कमिटी अजून घाबरणार.

गिरगावकर
तुम्ही लोक स्टॅकवरून रडताय, आमच्याकडे चाळीखाली रस्त्यावर गाडी लावायची, तीही ज्याला जागा मिळेल त्याला. चार्जिंग पब्लिक चार्जरवर करायचं म्हटलं तर घरच्या विजेपेक्षा चांगलंच महाग आणि तासभर तिथे बसून राहायचं. मी दोन्ही गाड्यांची टेस्ट ड्राइव्ह घेतली, दोन्ही आवडल्या, एकही घेतली नाही. हक्काचा प्लग नसेल तर ईव्ही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सीएनजी_झिंदाबाद
मी तेच म्हणतोय. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल-सीएनजी गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आलाय, वरचा सेसही गेला. ईव्हीवर आधीपासून ५ आहे तो तसाच. म्हणजे दोघांमधलं अंतर आता पूर्वीएवढं परवडणारं राहिलेलं नाही, दोन-तीन लाख वाचवून नवीन सीएनजी घ्या आणि गप्प बसा. पुण्याला जाताना चार्जर शोधत फिरायला नको.

हिशोबनीस
भावना बाजूला ठेवून आकडे मांडतो. मन्याभाऊंचं रनिंग सुट्टी धरून महिन्याला ९०० किमी धरू.

पेट्रोल: ट्रॅफिकमध्ये १४ चं ॲव्हरेज, ६४ लिटर, लिटरला १०४ धरा, सहा हजार सहाशेच्या वर. सीएनजी: किलोला २२ किमी, ४१ किलो, ऐंशीच्या भावाने तेहतीसशे. टियागो ईव्ही: युनिटला ८ किमी, ११२ युनिट, युनिटला १० रुपये पकडले तर अकराशे-बाराशे. घरच्याच मीटरवर घेतलंत आणि वरच्या स्लॅबमध्ये गेलात तर युनिट महाग पडेल, म्हणून ईव्हीसाठी वेगळं मीटर घ्या, त्याचा दर वेगळा असतो. मुलुंड-भांडुप म्हणजे महावितरण, तिथे अर्ज करायचा.

तर सीएनजीच्या तुलनेत महिन्याला दोन हजार वाचतात, वर्षाला पंचवीस हजार. सर्व्हिसिंगमध्ये अजून थोडे, इंजिन ऑइल नाही, क्लच नाही. दोन-अडीच लाख जास्त मोजले असतील तर वसुलीला आठ-नऊ वर्षं लागतात. म्हणजे सीएनजी_झिंदाबाद अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत. ९०० किमीवाल्याने ईव्ही पैशासाठी घेऊ नये, आवडते म्हणून, क्लचपासून सुटका म्हणून, रांगेपासून सुटका म्हणून घ्यावी. महिन्याला दीड-दोन हजार किमी असतील तर गोष्ट वेगळी.

आता कॉमेटची ती बॅटरी भाड्याने घ्यायची स्कीम. २०२४ मध्ये आली तेव्हा जाहिरात ४.९९ लाख अधिक किमीला अडीच रुपये अशी होती. लोक ४.९९ वाचतात आणि पुढचं वाचत नाहीत. ९०० किमीला बॅटरीचं भाडं बावीसशे पन्नास, वर विजेचे हजार. बेरीज करा, बत्तीसशे पन्नास. सीएनजीएवढंच झालं की! त्यात अशा स्कीममध्ये महिन्याला किमान इतके किमी धरूच असं कलम असू शकतं, ते फायनान्सवाल्याप्रमाणे बदलतं, करार घेऊन शांतपणे वाचा. दर पण बदलत राहतात.

गोरेगावकरीण
हिशोब बरोबर आहे पण एकांगी आहे. बॅटरीचे पैसे आधी भरले नाहीत तर तेवढं कर्ज कमी, त्याचं व्याज कमी, ते पण धरा ना. ज्याच्या हातात आत्ता पैसा नाही पण रनिंग ठरलेलं आहे त्याला ती स्कीम वाईट नाही. मी पूर्ण पैसे देऊन घेतलेली आहे, त्यामुळे माझा काही स्वार्थ नाही.

हिशोबनीस
मान्य. व्याज धरायला हवं. तरी वाचन करारापासून सुरू करा, जाहिरातीपासून नको.

कांदिवलीचा_टियागोवाला
सीएनजीवाल्यांच्या "चार्जर शोधत फिरा" वर लिहितो. कांदिवली ते पुणे मी टियागोने बरेचदा जातो. घरून १०० टक्के निघायचं, एक्सप्रेसवेला ८०-८५ ची गती, खालापूरच्या आसपास थांबून चार्ज करायचं, वडापाव खायचा, मग घाट. हा क्रम महत्त्वाचा, घाट चढायच्या आधी भरून घ्या, चढाला टक्के डोळ्यादेखत उतरतात. परतीला घाट उतरताना रिजेन (उतारावर मोटरनेच बॅटरी भरायची सोय) वाढवून ठेवा, थोडे टक्के परत मिळतात आणि ब्रेकही तापत नाहीत.

एक गोष्ट शोरूममध्ये कोणी सांगत नाही. चार्जर ६० किलोवॅटचा असला म्हणून टियागो तितकी ओढत नाही. १० ते ८० टक्क्यांना कंपनी साधारण ५८ मिनिटं सांगते, हिशोब केला तर सरासरी १७-१८ किलोवॅटच होतात. त्यामुळे मोठ्या चार्जरसाठी रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही, शेजारी ३० चा मोकळा असेल तर तोच घ्या.

टोलचं पण बघा. अटल सेतूवर ऑगस्ट २०२५ पासून इलेक्ट्रिक कारना टोल माफ आहे, राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणातून आलेलं. मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांचा टोल तर ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्याच कारना माफ आहे, तो ईव्हीचा फायदा म्हणून सांगत असतील तर हसा आणि सोडा.

परळची_पोर
पाणी तुंबलं की काय? आमचं हिंदमाता माहितीये ना.

वायरमन_काका
दोन्ही गाड्यांच्या बॅटरीला आयपी६७ आहे, म्हणजे चाचणीत एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून पाणी आत गेलं नाही. शॉक बसेल वगैरे भीती सोडून द्या. पण म्हणून अंधेरी सबवेत घालू नका. ती चाचणी बॅटरीच्या पेटीची आहे, अख्ख्या गाडीची नाही. कार्पेट, बेअरिंग, कनेक्टर, सीटखालची वायरिंग, यांना कोणी आयपी६७ दिलेलं नाही. कॉमेटची चाकं छोटी, तिला जास्त जपा. इन्शुरन्स घेताना झिरो डेप (क्लेममधून घसारा न कापणारं) आणि बॅटरीचं कव्हर वेगळं विचारून घ्या, पाण्याने झालेलं नुकसान त्यात येतं का ते एजंटकडून लेखी घ्या.

अजून एक, ईव्हीत मोठ्या बॅटरीशिवाय नेहमीची १२ व्होल्टची छोटी बॅटरी असतेच. गावाला महिनाभर गेलात आणि ती उतरली तर मोठी ऐंशी टक्के असूनही गाडी सुरूच होत नाही.

मुलुंडचा_मन्या
अपडेट. काल कमिटीची मीटिंग झाली. पहिला प्रश्न "आग लागली तर?", दुसरा "विजेचं बिल सगळ्यांनी भरायचं का?", तिसरा पार्किंगशी संबंधच नसलेला, गच्चीवरच्या कबुतरांचा. मी केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांची प्रिंट नेली होती, त्यात घरच्या आहे त्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते असं स्पष्ट लिहिलंय. सेक्रेटरींनी ती वाचली नाही पण फाइलला लावली, तेवढ्यानेही वातावरण बदललं. बॅटरी कुठली असं विचारल्यावर एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) म्हणून सांगितलं, त्यातल्या त्यात जास्त उष्णता सोसणारी, तेही कुठूनतरी ऐकलेलं एकाला पटलं.

खजिनदार म्हणाले स्वतंत्र मीटर, स्वतंत्र लाइन, खर्च तुमचा, काम लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडून, मग आमची हरकत नाही. आणि खालच्या पॅलेटवाले जोशीकाका अदलाबदलीला तयार आहेत, त्यांची गाडी दिवाळीलाच निघते. अट एकच, खालची माझी गाडी काढल्याशिवाय त्यांची उतरणार नाही, म्हणून त्यांना गाडी काढायची असेल तेव्हा मी घरी असलो पाहिजे. लेखी करून घेतलं.

त्यामुळे टियागो, २४ वाली. कॉमेटचा मोह शेवटपर्यंत सुटत नव्हता, परत एकदा चालवून आलो, वळताना मजा येते हो. पण आईला मागे बसवून बघितलं आणि तिने काहीच न बोलता माझ्याकडे पाहिलं. पॅलेटचा प्रश्न नसता तरी तिथेच निकाल होता.

कटिंगचहा
अभिनंदन. जोशीकाका दिवाळीला तुम्हाला पहाटे चारला उठवणार.

सीएनजी_झिंदाबाद
सेकंडहँड का नाही बघत? २०२३ च्या टियागो ईव्ही बऱ्याच स्वस्तात मिळतायत.

कांदिवलीचा_टियागोवाला
हा सल्ला चांगला आहे, तुमच्याकडून आला तरी :) बॅटरी आणि मोटरला ८ वर्षं किंवा १.६ लाख किमीची वॉरंटी आहे, जे आधी होईल ते, म्हणजे दोन वर्षांची गाडी घेतली तरी पुष्कळ उरते. सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या हेल्थचा रिपोर्ट काढून घ्या, वॉरंटी तुमच्या नावावर चढते ना ते लेखी विचारा. फ्लीटमध्ये (टॅक्सी कंपनीकडे) चाललेली, रोज डीसीवर भरलेली गाडी नको. किमी कमी पण कायम फास्ट चार्जिंग, अशीही असतात.

मुलुंडचा_मन्या
बघतो, पण आईला नवीनच हवीये, नारळ फोडायचाय. महावितरणला मीटरचा अर्ज टाकलाय. मीटर आलं की बुकिंग, आधी नाही. वायरमन काका, सॉकेट कुठल्या भिंतीवर घेऊ?

वायरमन_काका
टियागोचं सॉकेट मागे, पेट्रोलचं झाकण असतं तिथे. कॉमेटचं पुढे लोगोपाशी असतं, म्हणून लोकांचं बघून पुढच्या भिंतीवर घेऊ नका. शोरूममध्ये जाऊन सोबत येणारी केबल प्रत्यक्ष मोजा, गाडी पॅलेटवर रिव्हर्स लावणार की सरळ ते ठरवा, मगच भिंतीवर खूण करा. पॅलेटच्या हलणाऱ्या भागापासून लांब, जमिनीपासून चार फूट वर, पाऊस आत येत असेल तर झाकणवालं. आणि एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही, एका रात्रीपुरता सुद्धा नाही.